काढलेल्या डोळ्यांची साक्ष: कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांतील काळ्या गाठी आणि त्यांच्या उपचारांचा इतिहास

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या डोळ्यात काळसर गाठ दिसली, तर सबंध डोळा काढावा, गाठच तेवढी नष्ट करावी, की काहीही न करता तिच्यावर लक्ष ठेवावे, हा प्रश्न पशुवैद्यकात फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो प्रश्न म्हणून उभाच राहिला नव्हता, कारण त्याचे उत्तर मानवी वैद्यकाने आधीच देऊन ठेवले होते आणि पशुवैद्यांनी ते फारशी चौकशी न करता स्वीकारले होते. डोळ्यातील रंगीत गाठ म्हणजे घातक कर्करोग, आणि कर्करोग असलेला डोळा काढून टाकायचा, असे ते उत्तर होते. हे उसने उत्तर कुत्र्याच्या बाबतीत बहुतांशी चुकीचे आणि मांजराच्या बाबतीत बरोबर असूनही अपुरे होते. परंतु ते ध्यानात येण्यासाठी काढलेल्या डोळ्यांचे शेकडो नमुने सूक्ष्मदर्शकाखाली जावे लागले. डोळा वाचवण्याचे धैर्य पशुवैद्यांना काढलेल्या डोळ्यांनीच दिले, हा या उपचारांच्या इतिहासातील विरोधाभास आहे.

हा इतिहास समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडी लक्षात घ्यावी लागते. नेत्रगोलकाच्या भिंतीत तीन थर असतात: बाहेरचा टणक थर, ज्याचा पुढचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल आणि उरलेला पांढरा भाग म्हणजे श्वेतपटल, आतला, प्रकाश टिपणारा थर म्हणजे दृष्टिपटल, आणि या दोहोंच्या मधला, रक्तवाहिन्यांनी व रंगद्रव्याने भरलेला थर. या मधल्या थराचे पुन्हा तीन भाग पडतात. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, ज्याला व्यवहारात बुबुळ आणि पाठ्यपुस्तकात परितारिका म्हणतात, तो पहिला. त्याच्या मागे डोळ्यातील द्रव स्रवणारा आणि भिंगाला धरून ठेवणारा रोमक पिंड हा दुसरा. आणि दृष्टिपटलाच्या मागे पसरलेले रंजितपटल हा तिसरा. मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी या तिन्ही भागांत असतात आणि त्यांची बेसुमार वाढ झाली की रंगीत अर्बुद, म्हणजे गाठ, तयार होते. ती जागच्या जागी वाढत राहणारी असेल तर तिला मेलॅनोसायटोमा आणि दूरच्या अवयवांत पसरण्याची शक्यता असलेली असेल तर मेलॅनोमा म्हणतात. माणसात अशा गाठी बहुतेक वेळा रंजितपटलात होतात, कुत्र्यात बुबुळ आणि रोमक पिंड यांत होतात, तर मांजरात त्या बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागावर सपाट डागांच्या रूपाने सुरू होऊन पसरत जातात. एकाच प्रकारच्या पेशीपासून निघालेला हा रोग तीन प्राण्यांत तीन वेगळ्या वाटांनी जातो, ही साधी वाटणारी गोष्ट पुस्तकांत स्थिरावायला फार उशीर लागला.

डोळा काढण्याची शस्त्रक्रिया युरोपात जुनी आहे. सॅक्सनीच्या दरबारातील नेत्रवैद्य गेऑर्ग बार्टिश याने १५८३ मध्ये छापलेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. बाहेर लोंबू लागलेल्या डोळ्यात दोरा ओवून तो पुढे ओढायचा आणि वाकड्या सुरीने सभोवतालच्या मांसासह कापायचा, आणि तेही भुलीविना, अशी ती क्रिया होती. फक्त नेत्रगोलक अलगद सोडवून काढण्याची आजची पद्धत १८४१ मध्ये डब्लिनमध्ये ओफेरल आणि लिऑनमध्ये बॉने यांनी स्वतंत्रपणे मांडली. त्याआधीच स्टेथोस्कोपचा जनक रने लाएनेक याने १८०४ मध्ये पॅरिसमध्ये काळ्या गाठींचा रोग ही वेगळी व्याधी असल्याचे सांगितले होते, आणि १८३८ मध्ये रॉबर्ट कार्सवेल याने तिला मेलॅनोमा हे नाव दिले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झचा नेत्रदर्शक आल्यावर जिवंत डोळ्याच्या तळाशी काय आहे हे वैद्याला प्रथमच दिसू लागले, आणि १८८२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स याने डोळ्याच्या मधल्या थरातील अर्बुदांवर लिहिलेल्या ग्रंथाने चित्र पक्के केले. माणसात हा रोग यकृतात पसरतो आणि तिथे पोचला की रुग्ण वाचत नाही, म्हणून निदान होताच डोळा काढणे हा नियम झाला. त्या काळच्या साधनांचा विचार करता हा नियम अवाजवी नव्हता.

प्राण्यांच्या डोळ्यांकडे वैद्यकाचे लक्ष गेले ते घोड्यामुळे. पशुवैद्यकाची पहिली शाळा १७६२ मध्ये लिऑनला निघाली आणि लंडनची १७९१ मध्ये. या शाळांना आश्रय मिळाला तो घोडदळाला आणि शेतीला धडधाकट जनावरे हवी होती म्हणून, आणि घोड्याला वरचेवर होणारा डोळ्यांचा दाह लष्कराला महागात पडत असे. स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप हे या संदर्भात विशेष महत्त्वाचे नाव आहे. लहान मुलांच्या डोळ्यातील घातक गाठींवर १८०९ मध्ये लिहिताना त्याने डोळा लवकर काढण्याचा सल्ला दिला होता, आणि त्याच वॉर्ड्रॉपने १८१९ मध्ये घोड्याच्या नेत्ररोगांवर निबंध प्रसिद्ध केला. घोड्याचा एक डोळा दाहाने बिघडला की दुसराही जाईल या भीतीने नालबंद बिघडलेला डोळा चुना घालून किंवा खिळा खुपसून मुद्दाम नष्ट करीत आणि त्यामुळे दुसरा डोळा वाचतो असे मानीत, अशी नोंद त्यात आहे. ही अघोरी रीत पुढे मानवी वैद्यकाला उपयोगी पडली. जखमी डोळ्यामुळे निरोगी डोळाही सुजतो अशा माणसाच्या रोगात जखमी डोळा काढण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिस्टलच्या ऑगस्टिन प्रिचर्डने सुरू केली, त्यामागे घोड्यांवरचा हाच अनुभव होता. ज्ञान माणसाकडून जनावराकडेच वाहते, हा समज त्यामुळे सुरुवातीपासूनच खोटा ठरतो.

कुत्रा आणि मांजर मात्र या सगळ्यात कडेलाच राहिले. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा साचाही तसाच होता. लगतच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात सर्व प्रकारची जनावरे येत असली, तरी शिक्षणाचा कणा घोडा आणि गोधन हाच होता. लहान प्राण्यांच्या डोळ्यांवर शस्त्र चालवण्यासाठी लागणारी भूलही उशिराच आली. कार्ल कोलर याने १८८४ मध्ये व्हिएन्नात कोकेनचे द्रावण डोळ्यात घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवले, ते आधी बेडूक, ससा आणि कुत्रा यांच्यावर आणि मग स्वतःवर प्रयोग करून. म्हणजे नेत्रशस्त्रक्रियेतील क्रांतीच्या पहिल्या साक्षीदारांत कुत्राही होता, पण तिचा लाभ कुत्र्याला रुग्ण म्हणून मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. फ्रेडरिक हॉबडे यांनी १९०० मध्ये कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा हा विषय पशुवैद्यांच्या व्यवसायात प्रतिष्ठेचा समजला जात नव्हता. मांजराची स्थिती त्याहूनही वाईट होती, आणि मांजर हे लहान कुत्रे नव्हे हे ध्यानात घेणारे वैद्यक विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच उभे राहिले.

त्या काळात कुत्र्याचा रंगीत गाठ असलेला डोळा वैद्यापुढे येत असे तो गाठीमुळे क्वचितच. गाठ आतून वाढत बुबुळ आणि पारपटल यांच्या सांध्यात शिरली की डोळ्यातील द्रवाला बाहेर पडायला वाट राहत नाही, आतला दाब चढतो, म्हणजे काचबिंदू होतो, डोळा सुजून मोठा दिसू लागतो आणि प्राणी दुखण्याने खाणे सोडतो. मालक जनावर घेऊन येत ते या अवस्थेत. असा डोळा आंधळा झालेला असल्याने तो काढण्यात गमावण्यासारखे काही नसे आणि काढल्यावर प्राण्याला आराम पडे, म्हणून नियमाचा पुनर्विचार करण्याचे कारणही कोणाला दिसले नाही. काढलेला डोळा बहुधा फेकून दिला जाई. पशुवैद्यकीय नेत्रचिकित्सेचा अभ्यास इतका मागे का राहिला, याचे एक कारण या फेकून दिलेल्या डोळ्यांत आहे.

मानवी वैद्यकात याच्या उलट घडत होते. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय संग्रहालयात काढलेले डोळे पाठवून देण्याची व्यवस्था होती, आणि त्या संग्रहाच्या आधारे जॉर्ज कॅलेंडर याने १९३१ मध्ये डोळ्यातील मेलॅनोमाचे पेशींच्या आकारानुसार वर्गीकरण केले. चातीसारख्या लांबट पेशींच्या गाठी कमी घातक आणि गोलसर, मोठ्या केंद्रकाच्या पेशींच्या गाठी अधिक घातक, असे त्याचे सार होते, आणि रुग्ण किती वर्षे जगला याच्याशी ते बऱ्यापैकी जुळत असल्याने ते टिकले. पशुवैद्यकातील विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगग्रस्त ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणारे तज्ज्ञ, जेव्हा कुत्र्याच्या डोळ्यांकडे वळले तेव्हा त्यांनी हेच वर्गीकरण उचलले. ते स्वाभाविक होते, कारण दुसरे काही उपलब्ध नव्हते; पण कुत्र्याच्या गाठींत पेशींचा आकार आणि रोगाचा शेवट यांचा मेळ बसेना.

तो मेळ का बसत नाही हे सांगण्यासाठी संस्था उभ्या राहाव्या लागल्या. अमेरिकेत विल्यम मॅग्रेन यांचे कुत्र्याच्या नेत्ररोगांवरील पुस्तक १९६५ मध्ये आले, पशुनेत्रतज्ज्ञांची परीक्षा घेऊन मान्यता देणारी संस्था १९७० मध्ये स्थापन झाली, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड ड्युबिलझिग यांनी १९८३ मध्ये केवळ प्राण्यांच्या डोळ्यांसाठी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, जिच्याकडे देशभरातील पशुवैद्य काढलेले डोळे पाठवू लागले. यांपैकी शेवटची घटना सर्वांत निर्णायक मानायला हवी. शस्त्रक्रियेतील कौशल्य एका माणसाच्या हातात असते आणि त्याच्याबरोबर जाते, परंतु नमुन्यांचा संग्रह वाढत राहतो आणि पाच-दहा वर्षांनी त्या प्राण्यांचे पुढे काय झाले हे विचारता येते.

अशा पाठपुराव्याचे सर्वांत मोठे फळ १९८६ मध्ये दिसले. कॅनडातील ग्वेल्फचे ब्रायन विल्कॉक आणि नॉर्थ कॅरोलायनाचे रॉबर्ट पाइफर यांनी ९१ कुत्र्यांच्या डोळ्यांतील मूळ मेलॅनोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून निघालेले चित्र त्या वेळच्या समजुतीला धक्का देणारे होते: बहुसंख्य गाठी दूरच्या अवयवांत पसरल्याच नव्हत्या. कॅलेंडरच्या वर्गीकरणाने यांपैकी कोणती गाठ पसरेल हे सांगता येत नव्हते. सांगता येत होते ते पेशीविभाजनाच्या वेगावरून. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली दहा क्षेत्रे तपासायची आणि त्यांत विभाजन चालू असलेल्या पेशी मोजायच्या, अशी ही साधी रीत आहे. संख्या चारपेक्षा कमी असेल तर गाठ सौम्य आणि चार किंवा अधिक असेल तर घातक धरावी, ही पुढे रूढ झालेली सीमारेषा या कामातून आली. गाठीचा आकार केवढा, रंग किती गडद, तिने बुबुळ किती खाल्ले, या डोळ्यांना दिसणाऱ्या आणि मालकाला घाबरवणाऱ्या गोष्टींना भाकितात फारसे स्थान उरले नाही. अर्थात डोळ्याच्या आत सौम्य गाठही निरुपद्रवी नसते, कारण ती वाढून काचबिंदू घडवते आणि दृष्टी घेते. परंतु प्राण जाण्याची भीती आणि डोळा जाण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुत्र्याच्या उपचारांत त्यांची फारकत या अभ्यासानंतर झाली.

याच सुमारास मानवी नेत्रवैद्यकात नियमाचा पायाच हादरला होता. १९७८ मध्ये लॉरेन्झ झिमरमन, इयन मॅक्लीन आणि फॉस्टर यांनी डोळा काढल्याने रोगाचा प्रसार थांबतो की उलट वाढतो, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. डोळा काढल्यानंतरच्या काही वर्षांत मृत्यूंचे प्रमाण एकदम चढते, आणि त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यावर पडणाऱ्या दाबाने कर्करोगाच्या पेशी रक्तात ढकलल्या जातात हे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. हा तर्क पुढे जसाच्या तसा टिकला नाही, परंतु त्याने निर्माण केलेल्या शंकेमुळे अमेरिकेत मोठी तुलनात्मक चाचणी झाली. तिच्यात मध्यम आकाराच्या गाठी असलेल्या १३१७ रुग्णांपैकी काहींचा डोळा काढला गेला आणि काहींच्या डोळ्यावर किरणोत्सारी आयोडीनची चकती बसवली गेली. २००१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील आयुर्मान सारखेच निघाले. प्राण्यांच्या बाबतीत अशी चाचणी झालेली नाही, आणि रुग्णांची पांगापांग व खर्चाचा भार पाहता ती होणे कठीणच आहे. पशुवैद्याला निर्णय घ्यावा लागतो तो मागे वळून पाहणाऱ्या लहान अभ्यासांच्या आधारे.

या वादातील मॅक्लीन हेच नाव मांजरावरील पहिल्या महत्त्वाच्या लेखावरही आढळते. ग्रेगरी एक्लंड, मॅक्लीन, गुस्ताव्हो अगीरे आणि ट्रक्सा यांनी १९८० मध्ये मांजरांच्या बुबुळात पसरत जाणाऱ्या मेलॅनोमाचे वर्णन केले, आणि त्याने एक वेगळीच व्याधी समोर आणली. तिची सुरुवात माणसाच्या गालावरील तिळासारख्या एखाद्या तपकिरी डागाने होते. डाग वाढतात, एकमेकांत मिसळतात, महिने किंवा वर्षे जातात, मग बुबुळ जाड आणि मखमली दिसू लागते, बाहुली वेडीवाकडी होते आणि पेशी सुटून पुढच्या द्रवात तरंगू लागतात. शेवटी त्या द्रव बाहेर नेणाऱ्या वाटेत जाऊन बसतात, आणि तिथूनच त्या शिरेत शिरून यकृताकडे व फुप्फुसांकडे जाऊ शकतात. गाठ पसरली तरी मांजर कधी कधी वर्षानुवर्षे बरे दिसते, म्हणून डोळा काढून दोन वर्षे झाली आणि मांजर ठणठणीत आहे एवढ्यावर रोग गेला असे म्हणता येत नाही. मांजराचा डोळा काढताना आणखी एक काळजी घ्यावी लागते: त्याची दृष्टिचेता आखूड असल्याने डोळा जोराने पुढे ओढला तर दोन्ही दृष्टिचेता जिथे एकमेकींना छेदतात तिथे ताण बसून दुसरा, निरोगी डोळाही आंधळा होऊ शकतो.

मांजराच्या या रोगाचे कारण शोधताना एक आडवाट घेतली गेली, ती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मांजरांना सार्कोमा, म्हणजे संयोजी ऊतींचा कर्करोग, घडवणाऱ्या एका विषाणूचा विशिष्ट वाण मांजराच्या डोळ्यात टोचला तर बुबुळात मेलॅनोमा होतो हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते, आणि १९८१ मध्ये डॅनिएल आल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी मानवी रोगाच्या अभ्यासासाठी तो नमुना म्हणून मांडला. साहजिकच घरोघरच्या मांजरांतील रोगामागेही हाच विषाणू असावा असे वाटू लागले. १९९० च्या दशकाअखेर काही गाठींत अशा विषाणूंच्या जनुकांचे अंश सापडल्याची नोंद झाली, परंतु २००२ च्या एका अभ्यासात ते अजिबात सापडले नाहीत, आणि ही कल्पना मागे पडली. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट घडवता येते म्हणून निसर्गातही ती तशीच घडते असे नव्हे, ही जाण इथे पुन्हा महागात मिळाली.

मांजराच्या बाबतीत खरा कळीचा प्रश्न डोळा केव्हा काढावा हा होता, आणि त्याचे उत्तर १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या संग्रहातूनच आले. ज्या मांजरांचा डोळा या रोगामुळे काढला होता त्यांच्या आयुष्याची तुलना, हा रोग नसलेल्या आणि वयाने जुळणाऱ्या मांजरांशी करण्यात आली. गाठ बुबुळापुरती मर्यादित असताना डोळा काढला असेल तर मांजर इतरांइतकेच जगले. ती रोमक पिंडात शिरली असेल तर आयुष्य कमी झाले, आणि तिने श्वेतपटल ओलांडले असेल तर फारच कमी. कागदावर हा निष्कर्ष स्वच्छ दिसतो, पण तोच वैद्याला कोड्यात टाकतो. बुबुळापुरता रोग म्हणजे अजून दिसणारा, न दुखणारा डोळा, आणि मांजराच्या बुबुळावरचे सगळेच डाग कर्करोग नसतात; म्हातारपणी पुष्कळ मांजरांना असे सपाट डाग येतात आणि ते आयुष्यभर तसेच राहतात. चांगला डोळा काढून मागाहून तो निरुपद्रवी डाग होता असे कळावे, किंवा थांबावे आणि उशीर व्हावा, या दोहोंपैकी कोणती चूक पत्करायची याचे उत्तर आकडे देत नाहीत. बुबुळाचा सुईने घेतलेला नमुनाही इथे खात्रीचा नसतो, कारण डागाच्या कडेवर सौम्य आणि घातक पेशी सरमिसळ असतात. म्हणून ठरावीक कालावधीने एकाच प्रकाशात छायाचित्रे काढून ती एकमेकांशेजारी ठेवणे, डोळ्यातील दाब मोजणे आणि बुबुळाच्या कडेचा कोन भिंगातून पाहणे, ही वरवर फार साधी वाटणारी रीत तज्ज्ञांनी स्वीकारली.

कुत्र्यात मात्र गाठच तेवढी नष्ट करण्याचा मार्ग मोकळा झाला होता, आणि त्यासाठी लागणारे साधन एका सूर्यग्रहणातून निघाले. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांच्या दृष्टिपटलावर पडलेले भाजल्याचे व्रण पाहून जर्मन नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ याला सुचले की नेमका रोखलेला प्रकाश डोळ्याच्या आत उपचार म्हणून वापरता येईल. त्याने हॅम्बुर्गमध्ये रुग्णालयाच्या छतावर आरसे लावून आधी सूर्यप्रकाशच वापरला, मग कार्बनच्या ज्योतीचा दिवा, आणि पुढे झाइस कंपनीबरोबर झेनॉन वायूचा दिवा. १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर हे तंत्र अचूक झाले. सुमारे ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचे डायोड लेसर किरण पारदर्शक पारपटलातून अडथळ्याविना जातात आणि मेलॅनिनमध्ये शोषले जाऊन उष्णतेत बदलतात, त्यामुळे गाठीचा काळा रंगच तिच्या नाशाला कारण होतो. सिंथिया कुक आणि ओहायोचे डेव्हिड विल्की यांनी १९९९ मध्ये अशा उपचाराची २३ कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध केली. गाठी आक्रसल्या, बाहुलीचा आकार थोडा बिघडला, पण डोळे राहिले. लॅब्राडोर जातीच्या तरुण कुत्र्यांत आनुवंशिकतेने होणाऱ्या बुबुळाच्या गाठींसाठी हा उपचार विशेष उपयोगी ठरला.

कुक आणि विल्की यांच्या लेखाच्या शीर्षकातच गाठी मेलॅनोमा असल्याचे गृहीत धरले आहे असे प्रामाणिकपणे सांगितलेले होते, आणि त्यात फार मोठी अडचण दडलेली आहे. लेसर गाठीबरोबर पुरावाही जाळतो. काढलेल्या डोळ्यांच्या संग्रहामुळेच डोळा न काढण्याचा विचार शक्य झाला, परंतु जो डोळा वाचला तो संग्रहात येत नाही, म्हणून त्यात नेमके काय होते हे कधीच ठरत नाही. उलट बाजूने पाहिले तर संग्रहात आलेले डोळे हे मुळातच बिघडलेले, निर्णयापर्यंत पोचलेले असतात. ज्या मांजराने बुबुळावर डाग घेऊन सुखाने पंधरा वर्षे काढली त्याचा डोळा काचेच्या पट्टीवर चढत नाही. त्यामुळे विकृतिशास्त्राच्या नोंदींतून हा रोग प्रत्यक्षाहून अधिक घातक दिसण्याची शक्यता राहते. पशुवैद्यकीय लेखनात या त्रुटीचा उल्लेख होतो, पण तिचे वजन जितके मानायला हवे तितके क्वचितच मानले जाते.

पारपटल आणि श्वेतपटल यांच्या सांध्यावर, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूस होणाऱ्या काळ्या गाठींची कथा याहून सरळ आहे. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांत त्या अधिक आढळतात, बहुधा डोळ्याच्या वरच्या भागात येतात आणि क्वचितच पसरतात. दोन ते चार वर्षांच्या तरुण कुत्र्यात त्या लवकर वाढतात आणि म्हाताऱ्या कुत्र्यात इतक्या सावकाश वाढतात की नुसते लक्ष ठेवणे पुरते. चार्ल्स मार्टिन यांनी १९८१ मध्ये या गाठींच्या व्यवस्थापनावर लिहिले तेव्हापासून डोळा न काढता गाठ कापून काढणे, रिकाम्या जागी दुसऱ्या प्राण्याच्या डोळ्याचा तुकडा बसवणे, अतिशीत उपचाराने पेशी गोठवणे, अशी अनेक तंत्रे पुढे आली. १९८९ ते १९९३ या काळात लेसरने उपचार केलेल्या कुत्र्या-मांजरांच्या १५ डोळ्यांची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये न्यूमार्केट येथे गाठ वरवर सोलून त्या जागी स्ट्राँशियम-९० या किरणोत्सारी मूलद्रव्याचा स्पर्श देण्याची पद्धत अवलंबली गेली. त्याचे बीटा किरण ऊतीत मोजके मिलिमीटरच शिरत असल्याने डोळ्याचा आतला भाग सुरक्षित राहतो. १९९२ ते २००४ मधील अशा ३० कुत्र्यांचा अहवाल २००६ मध्ये आला, त्यात वंशावळींचाही अभ्यास होता.

काळे दिसणारे सगळेच गाठ नसते, हे शिकायलाही वेळ गेला. बुबुळाच्या मागून सुटून पुढे तरंगणारे काळे पुटकुळे आत द्रव असलेले असतात आणि प्रखर प्रकाश टाकला तर तो त्यांतून आरपार दिसतो. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये ते विशेष आढळतात. केअर्न टेरियर जातीच्या कुत्र्यांत दोन्ही डोळ्यांत हळूहळू रंगद्रव्याच्या पेशी साचून काचबिंदू होतो, आणि ही व्याधी आनुवंशिक असून कर्करोग नाही हे १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. याच्या उलट चूकही घडत असे: कारण न कळलेल्या काचबिंदूत दुखरा, आंधळा डोळा न काढता त्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचून द्रव बनवणारा भाग मारून टाकण्याची स्वस्त रीत पसरली, आणि अशा काही डोळ्यांत आधीपासूनच गाठ दडलेली होती हे मागाहून उघड झाले. आत गाठ नाही याची खात्री नसेल तर हा उपचार करू नये, असा दंडक त्यानंतर पडला.

डोळा काढल्यानंतर चेहऱ्याचे काय, हा प्रश्न मालकांना वैद्यांहून अधिक सतावतो. माणसात डोळ्याचा आतला भाग काढून श्वेतपटलाच्या पिशवीत काचेचा गोळा बसवण्याची युक्ती मँचेस्टरच्या फिलिप म्यूल्सने १८८४ मध्ये सुरू केली होती. कुत्र्यात सिलिकोनचा गोळा वापरण्याची पद्धत १९७० च्या दशकात आली. रंगीत गाठ असलेल्या डोळ्यात ती सहसा वापरत नाहीत, कारण भिंतीत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात. मांजरात तर जखमी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात वर्षांनंतर सार्कोमा होण्याचा वेगळा धोका असल्याने ती टाळलीच जाते. कुत्र्याच्या तोंडातील मेलॅनोमासाठी अमेरिकेत २००७ मध्ये सशर्त परवाना मिळालेली डीएनए लस हीही डोळ्यातील गाठीसाठी मंजूर झालेली नाही. आजची रीत अशी आहे की, डोळा काढण्याआधी छातीची क्ष-किरण तपासणी आणि यकृताची सोनोग्राफी करावी, काढलेला डोळा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून प्राण्यांच्या डोळ्यांची सवय असलेल्या विकृतिशास्त्रज्ञाकडेच पाठवावा, पेशीविभाजनाची संख्या आणि श्वेतपटलाची सीमा ओलांडली आहे की नाही हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि मांजर असेल तर अहवाल दिलासा देणारा आला तरी पुढील काही वर्षे त्या तपासण्या चालू ठेवाव्यात.